अक्षरांची पहिली ओळख घरातच व्हावी

मे महिना संपत आला आणि शाळा उघडायचे दिवस जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी शाळांच्या पटसंख्येची चर्चा नव्याने सुरू होते. कुठल्या गावात पहिलीला किती मुले आली, कुठे दोन वर्ग एकत्र बसवावे लागले, कुठल्या शाळेचे दार यंदा उघडणार की नाही, याच्या बातम्या येतात, बैठका होतात, कार्यकर्ते घरोघरी जाऊन पालकांची मनधरणी करतात. हे काम आवश्यक आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण ही धावपळ मूल सहा वर्षांचे होताना सुरू होते आणि तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. मूल अडीच-तीन वर्षांचे असताना घरातल्या भिंतीवर कुठल्या अक्षरांचा तक्ता लागला, बोट ठेवून त्याने पहिल्यांदा कुठले अक्षर ओळखले आणि कुठले अक्षर ओळखल्यावर घरच्यांनी त्याला कौतुकाने उचलून घेतले, यावर पुढचे बरेचसे ठरते. सीमाभागातल्या मराठी मुलाची मराठी अक्षरांशी पहिली गाठ घरात पडावी, आणि ती माती, पीठ, कागद आणि खेळ यांच्या संगतीने पडावी, असे माझे म्हणणे आहे. यातला पहिला अर्धा भाग आपल्याकडे सहसा कोणी नाकारत नाही. दुसरा मात्र पुष्कळांना फावल्या वेळची हौस वाटते, म्हणून त्याविषयी अधिक लिहिले पाहिजे.

पुण्या-साताऱ्याकडच्या मुलाला मराठी अक्षरे शिकवावी लागतात, पण दाखवावी लागत नाहीत. एसटीच्या पाटीवर, किराणा दुकानाच्या फलकावर, भिंतीवरच्या जाहिरातीत ती त्याला येता-जाता दिसतात आणि कोणी न सांगता ओळखीची होऊन जातात. बेळगावच्या मुलाचे तसे नाही. बसची पाटी कन्नडमध्ये असते, सरकारी कार्यालयाचा फलक कन्नडमध्ये असतो, आणि कर्नाटकाच्या भाषाविषयक कायद्यात २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर व्यापारी फलकाचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखावा लागतो. उरलेल्या जागेत बरेच दुकानदार इंग्रजी बसवतात. कन्नडविषयी ही तक्रार नव्हे. आपण ज्या राज्यात राहतो त्याची भाषा मुलाला उत्तम आलीच पाहिजे; बाजारात, कचेरीत, दवाखान्यात तिच्याविना त्याचे पदोपदी अडेल. सांगायचे आहे ते एवढेच की कन्नड आणि इंग्रजी अक्षरे या मुलापर्यंत आपल्या पायांनी चालत येतात. मराठी अक्षर घरच्यांनी आणले तरच येते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख भरली आणि त्यांतल्या जवळपास एक पंचमांश लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. एवढ्या माणसांची भाषा बोलण्यात टिकून आहे. बाजारात, शेतात, गल्लीत ती खणखणीत ऐकू येते. लहान मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र ती फारशी येत नाही.

कायद्याकडे पाहिले तर घराची ही जबाबदारी आणखी स्पष्ट होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम राज्यघटनेत आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य ठरले. या कलमाचा आधार घेऊन आपण इतकी वर्षे शाळा मागत आलो आणि यापुढेही मागत राहू. पण ते प्राथमिक टप्प्याविषयी बोलते. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ या वयाचा आहे. सहाच्या आतल्या मुलांसाठी २००२ साली सुधारलेले ४५ वे कलम आहे खरे, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत मोडते. त्याच्या आधारे कोणी न्यायालयात जाऊन अंगणवाडीत मराठी पुस्तक मागू शकत नाही. दुसरीकडे, कर्नाटकाच्याच माध्यमविषयक धोरणासंबंधीच्या खटल्यात ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की मातृभाषेचे माध्यम राज्य सक्तीने लादू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवणारे त्याचे पालक किंवा पालक नसतील तर सांभाळ करणारे. म्हणजे निवड आपल्या हाती आली. निवड हाती आल्यावर तिचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही, आणि तो भार मूल अडीच वर्षांचे असतानाच उचलावा लागतो.

आता इथेच घोटाळा होतो. घरी अक्षरे शिकवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाटी आणि पेन्सिल उभी राहते. सव्वातीन वर्षांच्या मुलाचा हात धरून त्याच्याकडून ‘अ’ गिरवून घ्यायचा, चुकला तर पुसायचा, पुन्हा गिरवायचा, दुरेघी वहीचे एक पान भरेपर्यंत उठू द्यायचे नाही. शेजारचे मूल इंग्रजी शाळेच्या एलकेजीत चौरेघी वही भरते, मग आपले मागे का राहावे, ही ईर्षाही त्यामागे असते. मायेपोटीच होते हे सगळे, पण मुलाच्या हाताला ते पेलत नाही. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यांतली दोन-तीनच दिसतात, कारण बाकीची अजून कूर्चेच्याच, म्हणजे मऊ हाडाच्या, अवस्थेत असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून घट्ट होतात. पेन्सिल तीन बोटांत धरून बारीक वळणे काढायला जो हात लागतो तो अजून तयारच झालेला नसतो. त्या हाताला मळणे, चुरगाळणे, वळणे, फाडणे, चिकटवणे, ओवणे ही कामे जमतात, आवडतात, आणि त्याच कामांतून पुढे पेन्सिल धरणारा हात तयार होतो. ज्या मुलाने मराठी अक्षराबरोबर पहिल्यांदा दुखणारी बोटे आणि आईचा चढलेला आवाज अनुभवला, त्याला पुढे मराठी शाळेत घालण्यासाठी कितीही सभा घेतल्या तरी त्याच्या मनातली पहिली आठवण पुसली जात नाही. सीमाभागात तर हा धोका दुप्पट आहे, कारण इंग्रजी अक्षर मोबाइलवर गाणे म्हणत, रंग उधळत येते आणि मराठी अक्षर शिस्तीचा बडगा घेऊन.

खेळाची सुरुवात अक्षराच्या आकारापासून न करता आवाजापासून करावी. लिपी ही आवाजाची खूण आहे, आणि आवाज वेगळा काढून ऐकायची सवय नसलेल्या मुलाला खूण दाखवून फारसा उपयोग होत नाही. या बाबतीत आपली घरे श्रीमंत आहेत. जात्यावरच्या ओव्या मागे पडल्या असतील, पण बडबडगीते, कोडी, झोपवतानाची गाणी खानापूर तालुक्यातल्या आज्या अजून भरभरून म्हणतात. भात निवडता निवडता ‘म’ने सुरू होणारे घरात काय काय आहे ते शोधायचे: मीठ, मिरची, मांजर, मडके, मामा. मुलाला प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी तोच एक आवाज ऐकू यायला लागला की अक्षराचे निम्मे काम झाले. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च यांचा उच्चार वेगळा, हे मुलाच्या कानाला कळतेच; काही मुले तसे विचारतातही. त्यांना गप्प न करता दोन्ही च दोन टोपल्यांत वाटायला सांगावेत, कारण असा कान असलेले मूल पुढे वाचताना अडखळत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. या वयात मुलाची बोली सुधारायला जाऊ नये. जे मूल ‘काय करूलास?’ म्हणते त्याला ‘काय करतोस म्हण’ असे दर वाक्याला अडवले तर ते बोलायचेच थांबते, आणि न बोलणाऱ्या मुलाला अक्षरे कशासाठी हवीत? प्रमाण मराठी पुढे पुस्तकातून येईल. आधी त्याची स्वतःची मराठी कागदावर उतरू शकते, हे त्याला दिसू द्यावे.

अक्षरांचा क्रमही आपण विचार न करता स्वीकारलेला आहे. तक्त्यावर पहिला असतो म्हणून ‘अ’ पहिला शिकवतात, पण आकार म्हणून तो अवघडांपैकी एक आहे, आणि त्याच्याशेजारी जे अननसाचे चित्र असते ते फळ कित्येक घरांत वर्षातून एकदाही येत नाही. जुन्या शिक्षकांनी ग, म, भ, न अशी सोप्या वळणांची अक्षरे आधी घेतली, ती अनुभवातून आलेली वाट होती. मी त्याच्याही आधी मुलाच्या नावाचे पहिले अक्षर ठेवीन. ते त्याचे स्वतःचे असते. डब्यावर, उशीच्या अभ्र्यावर, झोपाळ्याच्या पाटावर ते दिसले की मूल त्यावर हक्क सांगते. त्यानंतर ‘भ’ भाकरीचा, ‘ग’ गाईचा, ‘न’ नारळाचा. ‘ळ’ कुठल्याच शब्दाच्या तोंडाशी येत नाही, म्हणून तक्त्यात तो उपेक्षित राहतो, पण आपल्या भागात त्याला तोटा नाही: बेळगाव, येळ्ळूर, केळ, बाळ, जवळ. गावाच्या नावातले अक्षर शोधायचा खेळ तीन वर्षांच्या मुलालाही कळतो.

आकारासाठी मातीसारखे साधन नाही, आणि माती म्हटली की खानापूर. तिथली कौले, विटा आणि कुंभारकाम दूरवर माहीत आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकला संस्थाही खानापुरातच आहे. या भागात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करून पुजायची रीत कन्नड घरांत आहे, बेंदराला मराठी घरांतही मातीचे बैल येतात, आणि त्या दिवशी उरलेल्या चिखलात मुले हात घालून बसतात. त्याच मातीची लांब वळी करायला मुलाला सांगावे. ‘न’ करायचा तर आधी एक उभा दांडा हवा. मूल तळहाताखाली माती लोळवून तो करते, आधी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला सुतळीएवढा बारीक, मग दोन-चार वेळा मोडून जरा सारखा. दांड्याच्या डावीकडे मधोमध एक आडवी छोटी वळी चिकटवायची आणि तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी गोळी. वरून शिरोरेघ. तो दांडा आणि ती रेघ ‘म’लाही लागतात, ‘भ’लाही आणि ‘ग’लाही, हे मुलाच्या ध्यानात आपोआप येते, आणि मग ते एकदमच पाच-सहा दांडे करून रांगेत मांडून ठेवते. अक्षर म्हणजे ठरावीक तुकड्यांची जुळणी आहे ही देवनागरीतली फार मोठी गोष्ट कोणी न सांगता त्याच्या बोटांना कळलेली असते. गोळी उजव्या बाजूला लागली तर लागू द्यावी. या वयात अक्षर उलटे होणे स्वाभाविक असते आणि वाढत्या वयाबरोबर ते सरळ होते.

पावसाळ्यात माती वाळत नाही, तेव्हा कणकेचा उंडा घ्यावा. ताटात रांगोळी किंवा तांदळाची कणी पसरून बोटाने रेघ ओढायची तर ती आपली जुनी धूळपाटीच झाली. पुसायला ताट हलवले की पुरे. चुकीची खूण मागे राहत नाही, म्हणून मूल भीत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पॉलिश पेपर घेऊन खरखरीत अक्षरे कापावीत आणि मुलाने डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवावे. ही कल्पना मारिया माँटेसरी यांची. रोममध्ये १९०७ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी बालगृह काढले आणि तिथे ही अक्षरे आकाराला आली. त्या १९३९ साली भारतात आल्या, आणि आज त्यांच्या नावाच्या पाट्या बहुधा महागड्या शाळांवर दिसतात. मूळ काम मजुरांच्या मुलांचे होते, हे विसरू नये. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले, तेव्हा विकतचे साहित्य परवडणारे नव्हते. शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, दगड हेच त्यांचे शिक्षणसाहित्य होते. अंगणात भरणारी शाळा ही कल्पना तिथली, आणि आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीला नावही तिथूनच मिळाले. चिंचोके, सागरगोटे, झेंडूची फुले, शहापूर-वडगावच्या मागावर उरलेली सुताची गुंडी: आपल्या घरात आज जे पडून आहे ते बोर्डीच्या अंगणात होते त्याहून कमी नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ मात्र चिंचोक्यासारखी बारीक वस्तू एकट्याने सोडू नये; ती नाकात जाते, घशात अडकते.

या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. निपाणीत विडी वळणारी बाई सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसते. हजाराच्या हिशोबाने मजुरी मिळते, हात थांबला की मजुरी थांबते. वडगावात घराघरांत माग चालतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी करून आलेला बाप जेवून आडवा होतो. अशा घरांना ‘मुलासोबत दर्जेदार वेळ घालवा’ असा शहरी उपदेश करणे अन्यायाचे होईल. पण मी ज्या खेळाविषयी लिहितो आहे त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा मुलाच्या हाती येतोच. विडी वळणाऱ्या आईचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते. आवाजाचे खेळ तोंडानेच खेळायचे असतात. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तरी ‘क’ने सुरू होणारे दहा शब्द ती आईपेक्षा लवकर सांगते, आणि तिच्या शब्दांत कणगी असते, केरसुणी असते, कोयता असतो, जे आईच्या तोंडी आता येत नाहीत. सुट्टीच्या दिवशी पंधरा मिनिटे बापाने पॉलिश पेपर कापून द्यावा, कारण घरातल्या पुरुषाने हातात घेतलेले काम मुलाला महत्त्वाचे वाटते. सीमाप्रश्नाच्या मोर्चाला उन्हातान्हात चालणारे आपले पुरुष या पंधरा मिनिटांनाही त्या लढ्याचा भाग मानतील, असा माझा भरवसा आहे.

दुसरा आक्षेप गोंधळाचा: कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तीन लिप्यांत मूल भांबावून जाईल. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले आहे, तेव्हा कन्नड येणारच आहे आणि यावीच. पण देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या वंशातल्या. दिसायला एक उभ्या दांड्याची आणि दुसरी गोलाव्याची असली तरी आतली मांडणी एकच आहे: क-ख-ग-घ हाच क्रम, व्यंजनाला स्वरचिन्ह जोडायची हीच रीत, आपल्यासारखाच ‘ळ’. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहितात, हा फरक पुढे सांगता येतो. ज्या मुलाच्या मनात आवाजांचा नकाशा मराठीतून पक्का झाला त्याला कन्नड शिकताना नवा नकाशा लागत नाही, फक्त नव्या खुणा लागतात. मुलांच्या वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात दिसले की अशा लिपीतली सगळी अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरांसह, पक्की व्हायला प्राथमिक शाळेची चार-पाच वर्षे जातात. रोमन अक्षरांसारखे ते वर्षभरात उरकणारे काम नव्हे. ही गोष्ट मराठी पालकाने मनाशी बाळगावी. चौथ्या वर्षी सगळी बाराखडी यायलाच हवी असा हट्ट धरायला मग कारण उरत नाही. माझे मत असे की आधी घरात मराठीची दहा-पंधरा अक्षरे खेळून ओळखीची व्हावीत आणि मग शेजारच्या कन्नड मावशींकडे पाठवून मुलाने आपल्या नावाचे पहिले अक्षर कन्नडमध्ये मातीत करून आणावे. गल्लीत असे शेजार आजही आहेत, आणि मुलांना त्यांचा आनंदच वाटतो.

इंग्रजीविषयी थोडक्यात लिहितो. ती पोटापाण्याची भाषा आहे, हे मान्य. पण इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा; ‘सी’ कधी क होतो, कधी स. मराठीत ‘म’चे नाव म आणि उच्चारही म. खूण आणि आवाज यांचे नाते समजायला तीन वर्षांच्या मुलाला याहून सोपी वाट मिळणार नाही, आणि ते एकदा समजले की इंग्रजीची आडवळणे पुढे पेलता येतात. इंग्रजीसाठी मराठी मागे ठेवणारे पालक मुलाला उलट अवघड बाजूने डोंगर चढायला लावतात.

अक्षराचा काही उपयोग असतो, हे मुलाला कळण्याची आपल्या भागातली सर्वांत चांगली जागा म्हणजे दिवाळीचा किल्ला. बेळगावात गल्लोगल्ली मुले किल्ले करतात. दगड, माती, पोती, वर पेरलेली मोहरी किंवा हळीव, चुन्याच्या वाटा, मावळ्यांची चित्रे, आणि प्रत्येक ठिकाणी काडीला चिकटवलेली कागदी पाटी: महादरवाजा, बालेकिल्ला, तलाव, बुरूज. या पाट्या मोठी मुले लिहितात आणि धाकट्यांना हात लावू देत नाहीत. यंदा एक पाटी धाकट्याला द्यावी. ‘तलाव’ हा शब्द घ्या. तीन अक्षरे, एकच काना, जोडाक्षर नाही. साडेतीन वर्षांचे मूल तो लिहू शकणार नाही, पण वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून त, ला, व ही अक्षरे शोधून, कोणाच्या तरी मदतीने कापून, खळीने कागदावर ओळीने चिकटवू शकते. बेळगावात १९१९ साली सुरू झालेले मराठी वृत्तपत्र कित्येक घरांत रोज येते आणि रोज रद्दीत जाते. मूल मथळ्यावर ओणवे होऊन ‘त’ शोधते तेव्हा त्याला आधी ‘न’ सापडतो, मग ‘ल’ सापडतो, तो ते आईला दाखवते, आई ‘हा नव्हे, याच्या जवळचा’ म्हणते, आणि अर्ध्या पानाची छाननी होऊन जाते. मग ती पाटी काडीला लावून पाण्याच्या वाटीशेजारी रोवली जाते आणि किल्ला बघायला आलेला पाहुणा ती मोठ्याने वाचतो. आपण चिकटवलेले दुसऱ्याने वाचले, हे मुलाने पाहिले. यापुढे त्याला अक्षर कशासाठी असते हे समजावून सांगावे लागत नाही.

असेच मुलाच्या बोलण्याचे करावे. रोज झोपताना त्याचे एक वाक्य, जसे बोलले तसे, मोठ्या अक्षरांत त्याच्यासमोर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी बोट फिरवत त्यालाच वाचून दाखवावे. ‘मांजर चुलीखाली गेलंय’ हे वाक्य कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसते, आणि म्हणूनच ते मूल ओळखते. अशी पाने सुतळीने शिवली की घरचे पहिले पुस्तक तयार होते.

हे घरांवर सोडून संस्थांनी स्वस्थ बसावे, असे मात्र मी म्हणणार नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत तेव्हा असे वाचनालय नव्हते. आपल्या वाचनालयांत सहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीवर बसता येईल अशी एक चटई आणि हाताळून फाटली तरी चालतील अशी पन्नास चित्रपुस्तके असावीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत गावकरी स्वतःच्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलने भरवतात. ग्रंथदिंडी निघते, सारा गाव लोटतो, आया कडेवर मुले घेऊन मांडवात बसतात. त्या मांडवाला लागून माती, रांगोळी, कागद आणि खळ ठेवलेला एक कोपरा हवा, जिथे गावातली एखादी निवृत्त शिक्षिका आयांना ही कामे करून दाखवील. वक्त्याच्या मानधनाच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ आहे आणि त्याचा परिणाम संमेलन संपल्यावर घरी जातो. मराठी बहुसंख्य गावांतल्या अंगणवाडीत मुलांशी मराठीतून बोलणारी सेविका असावी आणि भिंतीवर कन्नडबरोबर मराठी अक्षरेही असावीत, ही मागणी निवेदनांत ठळकपणे आली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२० च्या शिक्षण धोरणाने ३ ते ८ हे वय पायाभूत टप्पा मानले आहे, आणि २०२२ च्या पायाभूत स्तरावरील अभ्यासक्रम आराखड्याने या वयासाठी मातृभाषा आणि खेळ या दोन्हींवर भर दिला आहे. त्या कागदाचा आधार आपल्या निवेदनांत घ्यायला हरकत नाही.

आणखी एक सूचना. बेळगावच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे प्लास्टिकचे ठोकळे ढिगाने मिळतात. मराठी अक्षरांचे लाकडी संच क्वचितच दिसतात. गोकाक इथून फार लांब नाही. हलक्या लाकडाची आणि लगद्याची रंगीत फळे, भाज्या, खेळणी करणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांना नवी मागणी हवी आहे. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेच अक्षर कन्नडमध्ये कोरलेले ठोकळे त्यांच्याकडून करून घेतले तर ते दोन्ही भाषांच्या घरांत जातील. आपल्या सहकारी पतसंस्था दिवाळीला सभासदांना भेटवस्तू देतात. एखाद्या वर्षी डब्याऐवजी हा संच द्यावा. पहिली मागणी शे-दोनशे संचांची असली तरी कारागीर साचा करायला तयार होईल.

बाकी सगळे होईतो घर थांबू शकत नाही, कारण आज अडीच वर्षांचे असलेले मूल पुढच्या संमेलनापर्यंत साडेतीन वर्षांचे होईल. रांगोळीचा डबा आणि एक ताट प्रत्येक घरात आहे. आज संध्याकाळी त्या ताटात मुलाच्या नावाचे पहिले अक्षर काढून त्याचे बोट त्यावरून फिरवावे, आणि दोन मिनिटांत ते उठून पळाले तर पळू द्यावे.